घरच्या संगणकात व्हायरस शिरल्याचा संशय आला तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

संगणकात व्हायरस शिरल्याचा संशय आला की आपल्याकडे बहुतेक घरांत उपाय ठरलेला असतो. सीपीयू उचलायचा, गाडीवर पायांपाशी ठेवायचा आणि दुकानात न्यायचा. दुकानातला मुलगा दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "ताई, फॉरमॅट मारायला लागंल." संध्याकाळी मशीन परत येतं, छान पळायला लागतं आणि विषय संपला असं वाटतं.

मी सांगलीत घरून हिशोबाची कामं करते. हळदीची एक अडत, दोन किराणा दुकानं, मिरजेतलं एक मेडिकल, यांच्या जीएसटीच्या आणि टॅलीच्या नोंदी माझ्या घरच्या मशीनवर असतात. एका ग्राहकाकडून आलेल्या पेनड्राइव्हमधून या मशीनमध्ये व्हायरस शिरला. तो काढायला फार वेळ लागला नाही. पण तो आत असताना ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड बाहेर गेले होते आणि ते निस्तरण्यात बराच काळ गेला.

हल्लीचे बरेचसे व्हायरस मशीन बंद पाडायला येतच नाहीत. ते गुपचूप पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलतात, बाहेर पाठवतात आणि काही तर नंतर स्वतःला पुसूनही टाकतात. त्यामुळे मशीन साफ करणं हे काम क्रमानं बरंच खाली येतं. आधी नेट, मग पैसे आणि पासवर्ड, मग डेटा आणि त्यानंतर सफाई. हा क्रम उलटा केला की नुकसान वाढतं. खाली सांगितलेलं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी हे जवळ घ्या

- एक मोबाइल, ज्यात तुमचा ईमेल आणि बँकेला जोडलेलं सिम आहे
- कोरी वही आणि पेन
- रिकामी एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह
- किमान ८ जीबीचा आणखी एक पेनड्राइव्ह, विंडोज नव्यानं टाकायची वेळ आली तर
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- बँकेचं पासबुक किंवा खाते उतारा, आधार किंवा पॅन (पैसे गेले असतील तर तक्रारीला लागतात)
- टॅली, फॉन्ट, प्रिंटर यांच्या परवान्याचे क्रमांक किंवा बिलं

१. खरंच व्हायरस आहे का, ते बघा

मशीन हळू चालतंय म्हणजे व्हायरसच, असं नसतं. जुनी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, भरत आलेला सी ड्राइव्ह, मागे चाललेलं विंडोज अपडेट, पंख्यात साठलेली धूळ, एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन, यातलं काहीही कारण असू शकतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किंवा डिस्क खातोय ते तिथं दिसतं.

खऱ्या संशयाची लक्षणं वेगळी असतात. विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद झालेली असते आणि चालू करायला गेलं तर होत नाही. पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. काहीही उघडताना एक काळी खिडकी क्षणभर लुकलुकून मिटते. तुम्ही न पाठवलेले मेल लोकांना गेलेले असतात. फाइलींच्या नावापुढं अनोळखी शेपूट लागतं आणि त्या उघडत नाहीत. यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका, पुढच्या पायरीला लागा.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" असे संदेश सारखे येत असतील, तर बहुतेक वेळा कुठल्यातरी वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडा. परवानगी मिळालेल्या अनोळखी साइट काढून टाका, संदेश बंद होतील. त्या संदेशावर क्लिक करून काही डाउनलोड केलं असेल तर मात्र पुढच्या सगळ्या पायऱ्या करा.

२. नेट तोडा

राउटरमधून येणारी वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा. काही सुचत नसेल तर सरळ राउटरचंच बटण बंद करा. नेट गेलं की बाहेर जाणारा डेटा थांबतो. शिवाय बिघडलेल्या फाइली वनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर चढून तिथल्या चांगल्या प्रतींची जागा घेत नाहीत. मशीनला लावलेले पेनड्राइव्ह, बॅकअपची डिस्क आणि डिजिटल सहीचं टोकन लगेच काढून घ्या.

फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर ते फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर असतं. तेव्हा विचार करत बसू नका, पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. जेवढ्या फाइली वाचतील तेवढ्या वाचतील.

भोंग्यासारखा आवाज, लाल पडदा आणि "मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा" असा मजकूर आला तर फोन अजिबात करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. हे फक्त पूर्ण पडदा व्यापलेलं वेबपेज असतं. एस्केप दाबून धरा. नाही हललं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना 'रिस्टोअर' म्हणू नका. घरातल्या कुणी त्या नंबरवर बोलून, दुरून संगणक चालवू देणारं एनीडेस्कसारखं ॲप आधीच चालू करून दिलं असेल, तर नेट तोडल्यावर पहिला फोन बँकेला.

३. वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा

काय दिसलं, किती वाजता, त्याआधी कोणती फाइल उघडली, कोणता पेनड्राइव्ह लावला, कोणत्या साइटवर गेला होता. स्क्रीनवरच्या प्रत्येक संदेशाचा फोटो. तक्रार करायची वेळ आली तर यातलंच सगळं विचारतात आणि दोन दिवसांनी नेमकं काहीच आठवत नाही.

लिहिताना एक प्रश्न घरातल्या सगळ्यांना विचारा, पण न रागावता, नाहीतर मुलं सांगत नाहीत. "मी रोबो नाही" असं सिद्ध करायला सांगणारं एखादं पान आलं होतं का, ज्यात विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं लिहिलं होतं? हा अलीकडचा फार पसरलेला सापळा आहे. ते पान गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवतं आणि आपल्याच हातानं ती चालवून घेतं. खरं कॅप्चा असं काही कधीच करायला लावत नाही. उत्तर "हो" आलं तर पासवर्ड गेलेच असं धरून चाला.

४. पैसे आणि पासवर्ड, तेही मोबाइलवरून

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच लोक विसरतात. संशयित संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका. आत कुणी बसलेलं असेल तर नवा पासवर्डही त्याच्या हातात जातो. मोबाइल घ्या, घरच्या वाय-फायऐवजी मोबाइलचा डेटा वापरा आणि पुढच्या क्रमानं जा.

पहिली बँक. खात्याचा उतारा बघा. अनोळखी व्यवहार दिसला तर आधी बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांमधून काढले जाण्याआधी तक्रार गेली तर ते मध्येच रोखता येण्याची शक्यता असते, म्हणून इथं तास महत्त्वाचे असतात. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. शोधात वर येणारे काही नंबर भामट्यांचेच असतात.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथं माहीत असू द्या. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी घुसखोरी केली आहे, अशा व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याकडे येतं, असंही त्यात होतं. सध्याचा नियम बँकेतच विचारून घ्या. म्हणून बँकेला फोनवर सांगितलं तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का हवाच.

दुसरा ईमेल. बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, त्यामुळे ही मुख्य किल्ली. जीमेलचा पासवर्ड बदला, मग गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन अनोळखी डिव्हाइसच नव्हे, घरचा संगणकसुद्धा साइन आउट करा. हे का, तर चोरणारे नुसता पासवर्ड उचलत नाहीत, ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलतात. त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. सगळीकडून साइन आउट केलं की ते चोरलेलं लॉगिन निकामी होतं. त्यानंतर खात्याचा पर्यायी नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत ना, ते बघा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

जीमेलमध्ये आणखी एक जागा तपासायची असते. ती मोबाइल ॲपमध्ये नीट दिसत नाही, म्हणून विश्वासातल्या दुसऱ्या संगणकावर बघा. सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' उघडा. तुमचे मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा किंवा बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा एखादा नियम तिथं कुणी लावून ठेवलेला असू शकतो.

तिसरं बाकी सगळं. कोणकोणते पासवर्ड गेले असतील हे आठवत बसू नका. क्रोममध्ये त्याच गुगल खात्यानं साठवलेले असतील तर मोबाइलवर गुगल पासवर्ड मॅनेजर उघडा, तिथं पूर्ण यादी तयार मिळते. ती वहीत उतरवा आणि एकेक खोडत जा. माझ्या यादीत मी विसरूनही गेलेली कितीतरी नावं निघाली. एका ग्राहकाचं जुनं ई-वे बिलाचं लॉगिनही त्यातच होतं.

जीएसटीच्या आणि आयकराच्या संकेतस्थळावर पासवर्ड बदलून थांबू नका. नोंदवलेला मोबाइल, ईमेल आणि बँक खातं बदललेलं नाही ना, तेही बघा. आयकराचा परतावा कोणत्या खात्यात जाणार ते तिथंच ठरतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून संगणकाचं लॉगिन काढा. दुसऱ्यांची कामं करत असाल तर त्यांना त्याच दिवशी फोन करून सांगा. सांगायला जड जातं, पण त्यांच्या नावावर खोटं बिल निघाल्यावर सांगणं त्याहून जड जाईल.

५. डेटा काढून घ्या

आता संगणक चालू करा, नेट न जोडता. रिकामी डिस्क लावा आणि कामाच्या फाइली कॉपी करा. आधी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, म्हणजे फाइलीचं पूर्ण नाव दिसेल. 'बिल.पीडीएफ' असं दिसणाऱ्या फाइलीचं खरं नाव 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' निघालं तर ती फाइल बिलाची नव्हेच.

फोटो, पीडीएफ, साध्या वर्ड आणि एक्सेल फाइली घ्या. प्रोग्रॅम, सेटअप, झिप केलेली सॉफ्टवेअर, शॉर्टकट, स्क्रिप्ट, यातलं काहीही घेऊ नका. ते सगळं पुन्हा मूळ जागेवरून मिळतं.

आपल्याकडे नेमकं काय मागं राहतं, ते सांगते. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन्ही फोल्डर सी ड्राइव्हमध्ये असतात आणि फॉरमॅटमध्ये तीच आधी जातात. "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे" असं म्हणणाऱ्यांचंही अर्धं काम डेस्कटॉपवर पडलेलं असतं. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचं फोल्डर आकड्यांच्या नावाचं असतं. डेटा कुठं साठतोय ते टॅलीतच बघून घ्या आणि पूर्ण डेटा फोल्डर उचला. शक्य असेल तर टॅलीमधून वेगळा बॅकअपही घ्या.

आणि फॉन्ट. श्री-लिपी किंवा तशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, पतसंस्थेचे अहवाल, मंडळाच्या पावत्या, लग्नपत्रिका, तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, नसतात. फॉरमॅटनंतर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांचा काला दिसतो. फाइल खराब झाली समजून लोक ती पुसून टाकतात. ती चांगली असते, तिला फक्त तिचा फॉन्ट हवा असतो. म्हणून वापरातल्या फॉन्टची नावं लिहून घ्या, सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते कॉपी करा आणि परवान्याचं डोंगल असेल तर जपून ठेवा.

ही डिस्क साफ आहे असं अजून समजू नका. तिच्यावर 'तपासायची आहे' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा.

६. सफाई

आधी दोन तयाऱ्या. विजेचं बघा. पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात, मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात. देखभालीसाठी तुमच्या भागात वीज बंद राहणार असेल तो दिवस टाळा, सीपीयू इन्व्हर्टरवर घ्या. दुसरं, काही मशीनमध्ये डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीनं कुलूपबंद असते आणि रिस्टार्ट होताना कधी कधी ४८ आकडी किल्ली मागते. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली आधीच लिहून घ्या.

आता विंडोज सिक्युरिटी उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' आणि त्यात सगळ्यात खाली 'एक्स्क्लुजन्स'. या यादीतल्या फोल्डरांकडे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, कानाडोळा करतो. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर यादी रिकामी हवी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि त्याच्याबरोबर आलेला व्हायरस अनेकदा आपलं नाव इथं घालून ठेवतात, मग कितीही स्कॅन केलं तरी काही सापडत नाही. असेल ते काढा.

मग 'स्कॅन ऑप्शन्स' मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलाही सापडू शकतो. याला साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर थोडा वेळ नेट देऊन डिफेंडर अपडेट करा, नेट काढा आणि 'फुल स्कॅन' लावून द्या.

दुसरं मत घ्यायचं तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर घ्या. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुनी प्रत ठेवून उपयोग नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत सफाईची साधनं मिळतात. विकतचा अँटीव्हायरस घ्यायचा असेल तर आपल्याकडे बहुतेक दुकानांत क्विक हील मिळतो. पुण्याच्या या कंपनीचे संस्थापक कैलास काटकर शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. कोणताही घ्या, पण सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकाच मशीनवर टाकू नका, ते एकमेकांत अडकतात.

स्कॅन झाल्यावर उरलेल्या जागा स्वतः बघा. 'इन्स्टॉल्ड ॲप्स' ची यादी तारखेनुसार लावा आणि संशयाच्या दिवसाच्या आसपासचं अनोळखी काढा. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप', ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, नेटवर्क सेटिंग्जमधलं 'प्रॉक्सी' (घरच्या मशीनवर सहसा बंदच असतं), एवढं पुरेल.

७. शॉर्टकट झालेला पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानातून, सेतूमधून किंवा प्रिंटिंगवाल्याकडून पेनड्राइव्ह परत आला की हे फार होतं. अशा ठिकाणी दिवसभरात कितीतरी लोकांचे ड्राइव्ह एकाच मशीनला लागतात. व्हायरस तुमची खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि पाठोपाठ खरं फोल्डरही उघडतं. फोल्डर उघडलं म्हणून आपल्याला काहीच वावगं वाटत नाही.

काहीही उघडू नका. ड्राइव्हच्या नावावर उजवं क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'व्ह्यू' उघडून लपलेल्या फाइली दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' समोरची खूण काढा. लपलेली फोल्डरं फिकट दिसायला लागतील. कधी कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो. कामाच्या फाइली तेवढ्या बाहेर काढा, ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ती खूण परत लावा. पाचव्या पायरीतली 'तपासायची आहे' असं लिहिलेली डिस्कही आता स्कॅन करून घ्या.

८. फॉरमॅट कधी आणि कसं

डिफेंडर चालूच राहत नसेल, सफाईनंतर दोन दिवसांत लक्षणं परत दिसली, कुणी दुरून माउस हलवत होतं अशी शंका असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर मी सफाईवर विसंबणार नाही. विंडोज नव्यानं टाकलेलं बरं. पैसे गेले असतील तर मात्र आधी तक्रार आणि पोलिसांशी बोलणं, मग फॉरमॅट. पुरावा त्याच डिस्कवर असतो.

घरी करायचं असेल तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी' मध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा. जास्त खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून विंडोज टाकायचं आणि टाकताना जुनी सगळी पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) काढायची. मशीनवर मूळ विंडोज अधिकृत असेल तर नेट जोडल्यावर परवाना सहसा आपोआप लागतो.

दुकानात देणार असाल तर आधी या गोष्टी बोलून घ्या. डेटा आम्ही काढलाय, सगळी डिस्क पुसा, नुसता सी ड्राइव्ह पुसून थांबू नका. विंडोज परवान्याचंच टाका, ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं साधन) वापरू नका. बिल द्या. यातल्या ॲक्टिव्हेटरवर अडून बसा. माझ्या ओळखीत एकांचं मशीन अशाच एका दुकानातून 'साफ' होऊन आलं. मी बघितलं तेव्हा डिफेंडर बंद आणि एक्स्क्लुजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह. घराचं दार उघडं टाकूनच ते मशीन परत दिलं होतं. तुमचा ईमेल किंवा बँकेचा पासवर्ड दुकानात चिठ्ठीवर लिहून देण्याची गरज कधीच नसते.

विंडोज १० असेल तर हीच वेळ आहे ११ कडे जायची. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांसाठीच्या जादा सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती.

९. रॅन्समवेअर असेल तर

पैसे देऊ नका. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते. स्क्रीनवरच्या खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो, ती चिठ्ठी आणि बंद झालेल्या एक-दोन फाइली जपून ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला मोफत प्रकल्प आहे. त्याच्या संकेतस्थळावर फाइलचा नमुना टाकून कोणता प्रकार आहे आणि त्याची किल्ली उपलब्ध आहे का, ते बघता येतं. घरच्या मशीनवर क्रॅक सॉफ्टवेअरमधून येणारा स्टॉप-डीजेव्हीयू हा प्रकार खूप आढळतो. त्यानं बंद केलेल्या काही फाइली एम्सीसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत साधनानं उघडतात, सगळ्या नाही. आज किल्ली नसेल तरी बंद फाइली पुसू नका, एका डिस्कवर काढून ठेवा. काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर हाती लागलेल्या आहेत.

"तुमच्या फाइली परत आणून देतो, आधी पाच हजार पाठवा" असं मेसेजवर सांगणारे खूप भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

१०. पुन्हा होऊ नये म्हणून: वेगळी खाती आणि बॅकअप

रोजच्या वापरासाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं करा, ॲडमिन खातं फक्त सॉफ्टवेअर टाकायला. मुलांना त्यांचं खातं वेगळं द्या.

बॅकअपच्या दोन डिस्क ठेवा. आठवड्यातून एकदा कॉपी झाली की डिस्क लगेच काढा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मशीनबरोबरच बंद करतं. दुसरी डिस्क घराबाहेर ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात आणि नदीकडच्या पेठांमध्ये तळमजल्यावरची दुकानं पाण्यात गेली, तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदमच भिजल्या. पाणी चढत नाही अशा भागातल्या नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर, बंद डब्यात ती डिस्क राहू द्या आणि महिन्यातून एकदा दोन्हींची अदलाबदल करा. अदलाबदल करताना आत आलेल्या डिस्कमधली टॅलीची एक कंपनी आणि एक जुनी मराठी फाइल उघडून बघा. यातलं एक जरी उघडलं नाही तर त्याच दिवशी दुसरी डिस्क आणा.